वर्ध्याच्या उन्हात गेमिंग लॅपटॉप

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा लहान गेमिंग लॅपटॉपचा खरा कस लागतो. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर गेला की स्वतःच वेग आवरतो आणि गेम अडखळतो. म्हणून आय-७च्या स्टिकरवर भाळू नका. नावाच्या शेवटचं अक्षर वाचा: ‘यू’ म्हणजे कमी विजेवर भागवणारा, ‘एच’ म्हणजे साधारण ४५ वॉटचा. रायझन ५ ५६००एचचे ६ कोर बहुतेक गेमना पुरतात; वाचलेले पैसे बऱ्या ग्राफिक्सच्या मॉडेलला आणि रॅमच्या दुसऱ्या पट्टीला लावा. रायझन ७५३५एचएसमध्ये घडण सांगणारा तिसरा आकडा ३, म्हणजे नाव नवं, घडण जुनी. ७६४०एचएसमध्ये तो ४ आहे, म्हणजे घडण पुढच्या पिढीची. आणि हो, लॅपटॉप गादीवर नको, कूलरच्या दमट झोतातही नको.