रवीला मोटर लागली तेव्हा

टोमॅटोचं सार कढत असतानाच मिक्सरच्या भांड्यात ओतून बटण दाबायची चूक मी आयुष्यात एकदाच केली. झाकण उडालं आणि ओट्यामागच्या टाइल्सवरून लाल ओघळ आले. पातं फिरताच कढत सार वरच्या बंद हवेत उसळतं, ती हवा एकदम तापून फुगते, त्यात वाफेची भर पडते, आणि एवढ्या दाबाला सुटायला वाट एकच, झाकणाची. तेव्हापासून सारासाठी हँड ब्लेंडर. तो स्वतःच पातेल्यात उतरतो, वाफ वरून निघून जाते.

म्हणजे तो रवीच्याच कुळातला. स्वित्झर्लंडच्या रोजे पेरिनजाके यांनी १९५० साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं ‘बॅमिक्स’ हे नाव फ्रेंचमधल्या ‘घुसळतो आणि मिसळतो’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आलं. आपल्याकडे कोणी रवीची ओळख करून दिली असती तर याहून वेगळी काय दिली असती?

फरक वेगाचा आहे. ५ सेंटीमीटरचं पातं मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी ११० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं. त्याच्याभोवतीची घंटेसारखी टोपी नुसती बोटं वाचवायला नसते. पातं खालून पदार्थ ओढून घेतं आणि टोपीच्या खाचांतून बाजूला फेकतं. पातं आणि टोपी यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून जाताना डाळीचा दाणा, टोमॅटोचा गर, सगळं फाटतं. टोपी पातेल्याच्या बुडाला टेकवली की आत यायची वाटच अडते आणि यंत्र तळाला चिकटल्यासारखं होतं. म्हणून दांडी जरा तिरकी धरावी. पृष्ठभागाजवळ आणली, तर शिंतोडे.

कुकरमधून काढलेल्या तुरीच्या डाळीवर पाणी वेगळं तरंगत असतं. घोटलं की वरण एकजीव होतं. यातलं गणित गमतीचं आहे: बारीक कणाचा व्यास निम्मा झाला की तो तळाशी बसण्याचा वेग चौथाईवर येतो. शिवाय फुटलेल्या दाण्यांतला स्टार्च पाण्यात उतरून त्याला दाटपणा देतो. मला स्वतःला वरणात चार दाणे जिभेला लागलेले आवडतात, म्हणून मी तीन-चार झटक्यांवर थांबते.

या यंत्राची खरी करामत बघायची तर मेयोनीज करावं. उभट, अरुंद बरणीत एक अंडं, लिंबाचा रस, वर तेल. तेल हलकं म्हणून ते वरच राहतं. टोपी अंड्यावर दाबून चालू करायचं आणि दहाएक सेकंद हात हलवायचा नाही. भोवरा तेलाला थोडं थोडं खाली ओढतो, पातं त्याचे सूक्ष्म थेंब करतं, आणि बलकातलं लेसिथिन त्या थेंबांवर आवरण चढवून त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. तळातून पांढरे लोट उठू लागले की दांडी हळूहळू वर घ्यावी.

लोण्याचं उलटं. तिथे चरबीचे थेंब एकमेकांना चिकटायला हवे असतात. घुसळताना सायीतल्या थेंबांची आवरणं फाटतात आणि अर्धवट गोठलेली चरबी एकमेकींत अडकून गोळा होते. चरबी पुरती वितळली की हा अडकाव होत नाही. म्हणून मे महिन्यात आजी रवीखाली गार पाणी ओतायची. पातं तर घर्षणाने आणखी ऊब देतं, तेव्हा ब्लेंडर वापरणाऱ्याने बर्फ हाताशी ठेवावा.

बटाट्याला मात्र हे पातं लावू नये. उकडलेला बटाटा मॅशरने दाबला तर त्याच्या पेशी बहुतेक आख्ख्याच एकमेकींपासून सुटतात. पातं त्या फाडतं, आणि आतला फुगलेला, चिकट स्टार्च बाहेर येतो. घाईत एकदा मी पावभाजीत ब्लेंडर घातला होता. भाजी पळीला धरून लोंबत राहिली, ताटलीत काही पडेना.