पाक वाटीने मोजावा की काट्यावर?

एक लिटर तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम असेही लिहिलेले असते. तेल पाण्याहून हलके, म्हणून लिटरचे वजन किलोपेक्षा कमी भरते. मध, काकवी आणि साखरेचा पाक यांचे उलट. त्यांच्यात विरघळलेली साखर असते आणि ते जितके दाट तितके जड. मधाची अर्ध्या किलोची बाटली हातात घेतल्यावर लहान वाटते ती याचमुळे. आत मध असतो जेमतेम ३५० मिली, पण वजन पुरेपूर.

गुणायचे की भागायचे

एका मिलीचे वजन किती ग्रॅम, एवढा आकडा ठाऊक असला की काम भागते. मधाचा आकडा साधारण १.४२. काकवीचा ती किती आटवली त्यावर ठरतो, अंदाजे १.३ ते १.४. मेपल सिरपचा १.३३ च्या आसपास. मिलीवरून ग्रॅम हवे असतील तर या आकड्याने गुणा, ग्रॅमवरून मिली हवे असतील तर भागा. म्हणजे २४० मिलीचा कपभर मध ३४० ग्रॅम, १५ मिलीचा मोठा चमचा २१ ग्रॅम आणि छोटा चमचा ७ ग्रॅम.

कोणता कप?

अमेरिकी पाककृतीतला कप २४० मिलीच्या आसपास, ऑस्ट्रेलियातला २५०. तिकडचा मोठा चमचा तर २० मिलीचा. आपल्या वाटीबद्दल बोलायलाच नको, एकाच घरात तीन मापांच्या सापडतात. उपाय सोपा आहे: रोजची वाटी काठोकाठ पाण्याने भरून त्या पाण्याचे वजन करा. जितके ग्रॅम तितकेच मिली. आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा.

घरचा पाक

खरी गंमत इथे आहे. एक किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी घेतले तर पाक किती होईल? वजन अर्थातच दीड किलो. पण साखर विरघळून गार झालेला पाक मापाने सव्वा लिटरसुद्धा भरत नाही, ११३० मिलीच्या आसपास राहतो. कोरड्या साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते. विरघळल्यावर किलोभर साखर फक्त ६३० मिलीच्या आसपास जागा घेते.

उकळताना वाफ होऊन जाते ते पाणी, साखर आहे तेवढीच राहते. त्यामुळे पातेल्याचे रिकामे वजन आधी लिहून ठेवले तर पाक कुठवर आला हे काटाच सांगतो. वर घेतलेला पाक १४०० ग्रॅमवर आला म्हणजे त्यात ४०० ग्रॅम पाणी उरले, साखर ७१ टक्के. हे मापाने कळणे कठीण, कारण गरम पाक फुगलेला असतो आणि वर फेसही असतो.

बोटांत तार बघणे सोडा असे मी म्हणणार नाही. पण दिवाळीत बुंदीचे लाडू मनासारखे वळले गेले, तर त्या वेळचे पाकाचे वजन लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी तेवढीच साखर घेऊन त्याच वजनाला गॅस बंद करता येतो. गरम पातेले थेट काट्यावर मात्र ठेवू नका. खाली लाकडी पोळपाट ठेवा आणि त्याचे वजन वजा करा.

चमच्याला चिकटते ते

मध किंवा काकवी चमच्याने मोजली की थोडी चमच्यातच राहते. चमच्याला आधी तेलाचा हात लावला तर ती सहज सुटते. थिजून रवाळ झालेला मध कपाने मोजूच नये, मध्ये पोकळ्या राहतात. वजनाला मात्र थिजल्याने काही फरक पडत नाही.

पातळ मधासाठी सर्वांत सुटसुटीत रीत अशी: उघडलेली बाटलीच डिजिटल काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा, बाटली उचलून भांड्यात ओता आणि परत ठेवा. काट्यावर उणे ८५ दिसले की पाव कप मध भांड्यात पडला.