साथरोग नियंत्रणात समाजविज्ञान व लोकसहभागाची भूमिका : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

सारांश : साथरोगाचे कारण जंतू असला, तरी तो जंतू कोणाच्या घरात, कोणत्या वाटेने व कोणत्या वेळी शिरतो हे समाजरचनेवर अवलंबून असते. म्हणून साथनियंत्रणात वैद्यकशास्त्राच्या जोडीला समाजविज्ञानाची व लोकसहभागाची गरज असते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पाणी, भाषा, स्थलांतर व रोजगार यांच्या संदर्भात ही गरज प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे.

बीजसंज्ञा : साथरोग, लोकसहभाग, मेळघाट, खारपाणपट्टा, आशा स्वयंसेविका, विश्वास.

प्रस्तावना :

साथ आली की आरोग्य पथक गावात पोहोचते, पाण्याचे नमुने घेतले जातात, विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते आणि 'पाणी उकळून प्या' अशी दवंडी दिली जाते. ही सर्व कामे आवश्यकच आहेत. परंतु बहुतेक वेळा समाजाचा विचार या कामांच्या शेवटी, 'जनजागृती' या एका शब्दात उरकला जातो. लोक अज्ञानी आहेत, त्यांना माहिती दिली की ते ऐकतील, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत खरे आहे, याचा विचार करणे व साथनियंत्रणात समाजविज्ञानाने नेमके काय करावे हे सांगणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

सक्तीचा अनुभव :

महाराष्ट्राला या प्रश्नाचा परिचय जुना आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. पुण्यात रँड यांच्या नेतृत्वाखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घराघरांची झडती घेतली. रुग्णास वेगळे ठेवण्याचा उपाय शास्त्राला धरून होता. परंतु परके सैनिक स्वयंपाकघरापर्यंत व देवघरापर्यंत पोहोचले, स्त्रियांच्या तपासणीत मर्यादा राहिली नाही आणि लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होत्या व त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, शहर एकच. परंतु एकाकडून लोक रुग्ण लपवीत होते आणि दुसरीकडे रुग्ण आणला जात होता. हा फरक औषधाचा नव्हता, विश्वासाचा होता.

शतकानंतर पश्चिम आफ्रिकेतही हाच अनुभव आला. २०१४ ते २०१६ या काळात तेथील इबोलाच्या साथीत २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली व ११,३०० हून अधिक मृत्यू झाले. मृतदेहाला स्नान घालण्याच्या प्रथेमुळे रोग पसरत होता. आरंभी पथके मृतदेह नातेवाईकांच्या नजरेआड नेऊन पुरत. त्यामुळे लोकांचा संताप वाढला व रुग्ण लपविले जाऊ लागले. मानववंशशास्त्रज्ञांनी अंत्यविधीचा अर्थ समजावून घेतल्यावर मार्ग निघाला. कुटुंबाने सुरक्षित अंतरावर उपस्थित राहावे, प्रार्थना करावी, मात्र मृतदेहास स्पर्श करू नये. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 'सुरक्षित व सन्मानपूर्वक दफन' या स्वरूपात मार्गदर्शक सूचनाच काढल्या. प्रथेशी भांडण न करता प्रथेतील धोकादायक भाग तेवढा वेगळा काढणे, हे समाजविज्ञानाचे योगदान होय.

मेळघाटातील कॉलरा : कारणामागचे कारण :

जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी या गावांत कॉलराची साथ आली. शंभरहून अधिक लोक आजारी पडले व काहींना प्राण गमवावे लागले. वैद्यकीय कारण स्पष्ट होते : गावकऱ्यांनी उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायले होते. येथेच थांबल्यास निष्कर्ष निघतो की लोकांना स्वच्छतेची जाणीव नाही. परंतु समाजविज्ञानाचा अभ्यासक पुढचा प्रश्न विचारतो : लोक त्या विहिरीवर का गेले? त्या वेळच्या वृत्तांनुसार, वीजबिल थकल्यामुळे गावच्या नळयोजनेचा वीजपुरवठा बंद झाला होता. म्हणजे विहिरीची वाट लोकांनी अज्ञानामुळे धरली नव्हती; दुसरी वाट बंद झाली होती.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. पहिल्या निदानावर उपाय म्हणजे भित्तिपत्रके. दुसऱ्या निदानावर उपाय म्हणजे पावसाळ्यापूर्वी कोणत्या ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेचे बिल थकले आहे, याची यादी आरोग्य विभागाच्या हाती असणे. आपल्याकडे पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. त्या पाहणीस 'नळ बंद पडल्यास गाव कोणते पाणी पिते?' या एका प्रश्नाची जोड दिली, तर साथ येण्यापूर्वीच धोक्याची जागा समजू शकते. या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ते पाणी भरणाऱ्या स्त्रियांजवळ असते.

खारपाणपट्टा व 'कोरडा दिवस' :

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. येथील विहिरींचे पाणी खारट असल्याने अनेक गावे ८४ खेडी योजनेसारख्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांवर अवलंबून असतात. नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी आले, की घरातील ड्रम, टाकी, रांजण, हंडे सर्व भरून ठेवणे हाच शहाणपणा ठरतो. नेमक्या अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची पैदास होते.

आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगतो. डासाची अंडी ते डास ही वाढ साधारणतः आठ-दहा दिवसांत होत असल्याने हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. परंतु पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसताना गृहिणीने भरलेला ड्रम ओतून द्यावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. ती ऐकत नाही, याचा अर्थ तिला समजत नाही असा होत नाही. अशा ठिकाणी भांड्याला घट्ट कापड बांधणे, न पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांत गप्पी मासे सोडणे आणि नळ येण्याच्या वारालाच भांडी घासण्याचा दिवस ठरविणे, हे उपाय अधिक उपयोगी ठरतात. सल्ला तोच, परंतु तो पंचांगाऐवजी नळाच्या वेळापत्रकाशी जोडावा लागतो.

कोविड : भाषा व रोजगार :

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेची चाहूल विदर्भात प्रथम अमरावती-अकोला भागात लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी झाली. अकोला जिल्ह्यातील शहरांतही कडक निर्बंध आले. जेथे रोजची मजुरी बुडाल्यास चूल पेटण्याची चिंता असते, तेथे चाचणी करून घेणे म्हणजे चौदा दिवसांचे उत्पन्न पणास लावणे होते. अशा कुटुंबाला चाचणीकडे आणायचे तर शिधा व मजुरी यांचा विचार आधी करावा लागतो.

मेळघाटात लसीकरणाबाबत भीती होती. लस घेतल्यावर ताप येतो, हे आधी न सांगितल्यास तो ताप अफवेचा पुरावा ठरतो. तेथे कोरकू भाषेतील ध्वनिचित्रफिती, स्थानिक शिक्षक, आशा व अंगणवाडी सेविका यांच्या मदतीने संवाद साधण्यात आला. गावातील पारंपरिक वैद्य, म्हणजे भूमका, यांना विरोधक न मानता सोबत घेण्याचे प्रयत्नही झाले. वेळेचाही प्रश्न होता. अनेक कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी मैदानी भागात उतरतात व होळीला गावी परततात. हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे शिबिर रिकाम्या गावात भरते.

समाजविज्ञानाच्या भूमिका :

उपरोक्त विवेचनावरून पुढील भूमिका स्पष्ट होतात.

१) कारणमीमांसा : रोगाच्या जैविक कारणामागील पाणी, वीज, मजुरी व स्थलांतर यांचे कारण शोधणे.

२) भाषांतर नव्हे, संवाद : सूचना केवळ कोरकू किंवा वऱ्हाडीत उतरविणे पुरेसे नाही. लोकांची शंका त्यांच्याच शब्दांत ऐकून ती पथकापर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे. संत गाडगेबाबा आधी खराट्याने गाव झाडीत आणि मग कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. वऱ्हाडी लोकसंवादाचा हा आदर्श आजही उपयोगी आहे.

३) अफवांची नोंद : अफवा ही बहुधा एखाद्या खऱ्या भीतीचे रूप असते. तिचा उगम समजल्याशिवाय खंडन निष्फळ ठरते.

४) मध्यस्थांचा शोध : प्रत्येक गावात लोक कोणाचे ऐकतात, हे साथीपूर्वीच माहीत असणे.

मर्यादा व धोके :

साथीच्या धावपळीत सविस्तर अभ्यासास वेळ नसतो, हा आक्षेप योग्य आहे. जुलाबाच्या रुग्णाला प्रथम क्षारसंजीवनी हवी, प्रश्नावली नव्हे. म्हणूनच हा अभ्यास साथ नसताना व्हावयास हवा. अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांचे समाजशास्त्र विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची पथके दरवर्षी गावांत शिबिरे घेतात. त्या शिबिरात गावाच्या पाण्याचा, स्थलांतराचा व बोलीचा एक पानी आराखडा तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रास दिला, तर त्यास फारसा खर्च येणार नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. लोकसहभागाच्या नावाखाली शासनाची जबाबदारी लोकांवर ढकलली जाऊ शकते. साथ आली की घरोघरी फिरण्याचे काम अल्प मोबदल्यावर राबणाऱ्या आशा स्वयंसेविकेवर येते; गावाचा रोषही तिलाच सोसावा लागतो. नळाला पाणी नसलेल्या गावात कितीही प्रभावी संवाद झाला, तरी तो पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

निष्कर्ष :

साथनियंत्रणात लोक हे केवळ सूचना ऐकणारे नसतात. रोग कोणत्या वाटेने येतो याची पहिली माहिती त्यांच्याकडेच असते. ती माहिती विचारणे, पडताळणे व निर्णय घेणाऱ्यांपर्यंत नेणे हे समाजविज्ञानाचे काम आहे. विश्वास साथीच्या दिवशी निर्माण करता येत नाही. तो आधीच कमवावा लागतो. पाचडोंगरीच्या विहिरीवर गेलेल्या लोकांना पाणी उकळण्याचा उपदेश करण्यापूर्वी त्यांचा नळ का बंद होता, हे कोणीतरी विचारणे गरजेचे होते. तो प्रश्न पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावात विचारला जावा, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.