जुन्या जीपच्या बॉडीला लागणारा गंज आणि त्याची दुरुस्ती : कोकण किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीस कंपनीने लष्करासाठी घडविलेल्या जीपची नागरी आवृत्ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत जुळविण्यास प्रारंभ केला. पुढे त्याच घाटाच्या डिझेल जीप महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. कोकणातील जांभ्याचे चढ, कच्चे रस्ते आणि बंदरावरील मासळीची ने-आण या कामी त्यांचा दीर्घकाळ उपयोग झाला व काही ठिकाणी आजही होतो. या वाहनांचे इंजिन खोलून पुन्हा बांधता येते आणि गिअरपेटी दुरुस्त करणारे कारागीरही सापडतात. त्यामुळे केवळ यंत्र बिघडले म्हणून जीप सहसा मोडीत निघत नाही. ती मोडीत निघते ती पत्रा कुजल्यामुळे. प्रस्तुत लेखात या कुजण्याचे कारण आणि त्यावरील दुरुस्तीची पद्धत यांचा विचार केला आहे. गंज जेथे दिसतो तेथे तो बहुधा सुरू झालेला नसतो, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे दुरुस्तीवरील बराचसा खर्च वाया जातो, असे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

गंज कोठे धरतो?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे शालेय पाठ्यपुस्तकातील विधान सत्य असले तरी अपुरे आहे. केंब्रिज येथील युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून केलेला प्रयोग येथे अधिक उपयोगी पडतो. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो. आणि लोखंड झिजते ते या मध्यभागी. अर्थात जेथे ओल आहे पण हवा कमी आहे, तेथील धातू प्रथम खाल्ला जातो. पाण्यातील मिठामुळे विद्युतवहन वाढते आणि ही क्रिया वेग घेते.

जीपच्या बॉडीत अशा जागांची वाण नाही. एकावर एक ठेवून जोडलेल्या दोन पत्र्यांमधील फट, रबरी चटईखालची फरशी, फुटबोर्डाच्या आतील पोकळी, मागील चाकावरच्या मडगार्डाची दुमड आणि बॉडी चासीवर जेथे बोल्टने बसते त्या जागा, ही त्यांतील प्रमुख होत. महायुद्धकालीन जीपमध्ये तर फरशीखालील आधारपट्ट्यांच्या पोकळीत लाकूड बसविलेले असे. ते लाकूड ओल धरून ठेवी आणि पट्टी आतून खात जाई.

किनारपट्टीवर यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. समुद्रावरून येणारी खारी हवा, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात चार महिन्यांत पडणारा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि मासळीच्या टोपल्यांतून गळणारे बर्फाचे खारट पाणी. जांभ्याची लाल माती स्वतः खारट नसते. पण मडगार्डाच्या आत तिचा थर बसला की तो ओल्या फडक्याप्रमाणे पत्र्याला चिकटून राहतो. शिवाय या मातीचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडमुळेच आलेला असल्याने चिखल कोणता आणि गंज कोणता हे नजरेने ठरविणे कठीण जाते. म्हणून तपासणीपूर्वी गाडी खालून धुणे आणि दोन दिवस उन्हात वाळविणे आवश्यक ठरते.

तपासणी

रंगावर उठलेला फोड ही शेवटची अवस्था समजावी. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे तो रंगाला आतून वर उचलतो. तोपर्यंत पत्रा पलीकडच्या बाजूने खाल्ला गेलेला असतो. आसने व चटया काढून लहान हातोडीने फरशीवर ठोके द्यावेत. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. संशय आल्यास टोकदार टोच्याने दाबून पाहावे. पूर्वी कोणी पुट्टी भरली असेल तर तेथे लोहचुंबक नीट धरत नाही. जुनी जीप विकत घेणाऱ्याने खिशात चुंबक बाळगणे हिताचे.

कापणे आणि जोडणे

येथेच प्रामाणिक व दिखाऊ काम यांतील फरक स्पष्ट होतो. भोकावर जाळी किंवा फायबरचे कापड चिकटवायचे, वर पुट्टी ओढायची, घासून रंग द्यायचा, ही प्रचलित रीत आहे. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते आणि खालच्या गंजाला थांबवत नाही. रंग दोन-एक पावसाळे टिकतो, कधी तेवढाही नाही. गाडी विकण्यापुरते हे काम चालते. वापरणाऱ्याची मात्र ती फसवणूकच होय.

योग्य पद्धतीत प्रथम बॅटरीची जोडणी सोडावी आणि इंधनाची टाकी काढून दूर ठेवावी. विलीस घाटाच्या जुन्या जीपमध्ये ही टाकी चालकाच्या आसनाखाली असते, म्हणजे फरशीच्या वेल्डिंगच्या अगदी जवळ. त्यानंतर कुजलेला भाग चकाकणारा, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापून काढावा. भोक रुपयाएवढे दिसत असले तरी कापलेली जागा ताटाएवढी होते आणि मालक येथेच अस्वस्थ होतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम मूळ जाडीच्याच पत्र्याचा तुकडा तयार करावा. जोड शक्य तेथे कडेला कड भिडवून द्यावा. तुकडा वर चढविला की दोन पत्र्यांत पुन्हा तीच फट निर्माण होते. पातळ पत्र्याला काडीचे आर्क वेल्डिंग जाळून टाकते आणि गॅसच्या ज्योतीने तो मोठ्या क्षेत्रात तापून वेडावाकडा होतो. कार्यशाळांत ज्याला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात ते येथे उपयुक्त ठरते. तेही सलग न ओढता समोरासमोरच्या बाजूंना एकेक टाका देत, मध्ये पत्रा निवू देत करावे. पत्रा जस्तलेपित असल्यास जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे, कारण त्याच्या धुराने कारागिराला ताप भरतो.

उघडा केलेला धातू रात्रभर तसाच ठेवू नये. दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस छटा येते. त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर, नंतर जोडांवर सीलंट आणि मग रंग, असा क्रम असावा. कोकणात बहुतेक गाड्या मे महिन्यात, पाऊस दारात असताना गॅरेजमध्ये येतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला कितीतरी अधिक अनुकूल असते.

कापता न येणाऱ्या जागी उरलेल्या पातळ गंजावर रासायनिक उपाय करता येतो. फॉस्फोरिक आम्लाने लोहाचे फॉस्फेट, तर टॅनिनयुक्त द्रावणाने काळे लोह-टॅनेट तयार होते. हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून कापड काळे रंगविण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. मात्र पापुद्रे सुटणाऱ्या जाड गंजावर या द्रावणांचा परिणाम वरच्या थरापुरताच राहतो.

चासीचा प्रश्न

बॉडी गाडीला आकार देते. भार चासी वाहते. फरशीला लावलेला पॅच चुकला तर पाय भिजतात, चासीचा चुकला तर वळणावर पाटा सुटू शकतो. म्हणून पाट्यांचे कंस, स्टिअरिंगची बैठक आणि सीटबेल्टचे आधार यांभोवती गंज आढळल्यास ते काम गल्लीतील डेंटरचे नव्हे. चासी आतून पोकळ झाली असल्यास गाडी थांबविणे हाच शहाणपणाचा निर्णय होय, मग तिच्याशी कुटुंबाच्या कितीही आठवणी निगडित असोत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. त्या वेळच्या तपासणीत ताजा काळा रंग फासलेली चासी चांगली दिसते, परंतु हातोडीचा ठोका रंगाने बदलत नाही.

दुरुस्तीनंतरची निगा

पोकळ भागांत मेण किंवा गंजरोधक तेल फवारावे. इंजिनातून काढलेले जळके तेल खालून मारण्याची प्रथा सर्वत्र आढळते. त्याने गंज काहीसा लांबतो हे खरे, पण रबरी बुश फुगतात, वेल्डिंगच्या वेळी पेट घेण्याचा धोका राहतो आणि पहिल्या सरीबरोबर ते तेल विहिरीच्या दिशेने वाहू लागते. याहून महत्त्वाची आहेत ती फरशीतील व फुटबोर्डातील निचऱ्याची छिद्रे. अनेकदा रंगारीच ती बुजवितो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा त्यांत तार घालून पाहावे, आणि मासळी उतरविल्यावर फरशी गोड्या पाण्याने धुऊन ते पाणी या छिद्रांतून खाली पडते की नाही, हे वाकून पाहावे.