बर्फाची थेट वाफ

गोवराची लस कुपीत कोरड्या स्वरूपात असते. टोचण्याआधी तिच्यात द्रावक मिसळतात. तिला असे कोरडे करण्याची करामत फ्रीझ ड्रायरची, म्हणजे गोठवून सुकवणाऱ्या यंत्राची. सुमारे 6.1 मिलिबारपेक्षा कमी दाबात शुद्ध बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. ती वाफ उणे 50 अंशांच्या आसपास थंड असलेल्या कंडेन्सरवर पुन्हा गोठते.

प्रयोगशाळेत हे यंत्र चालवताना क्रम चुकवायचा नाही. आधी कंडेन्सर पुरता थंड होऊ द्यायचा, मगच निर्वात पंपाने नमुन्याभोवतीची हवा काढायची. उलट केले तर वाफ पंपात शिरते आणि पंपातले तेल दुधाळ होते. नमुना पूर्ण गोठलेला हवा. अर्धवट असेल तर फेसाळून वर येतो.

नमुन्याच्या फ्लास्कच्या काचेवर चांदणीसारखा बारीक तडा दिसला, तर तो फ्लास्क बादच करा. बाहेरच्या हवेच्या दाबाने तो आत फुटतो आणि काचा उडतात. म्हणून सुरक्षा चष्मा हवाच. नमुन्यात इथेनॉल नको: ते या कंडेन्सरवर गोठत नाही; त्याची वाफ पंपात जाते आणि आगीचा धोकाही असतो. शेवटी हवा हळूहळू आत सोडा, नाहीतर सुकलेली पूड उडते.

आणि कंडेन्सरवरचा बर्फ कधीही खरवडू नका; वितळू द्या.