घर घेताय? वकील आपला हवा!

मैत्रिणींनो, मोंढ्यात तूरडाळ घ्यायला गेलो की आपण मूठभर डाळ तळहातावर घेतो, फुंकर मारतो, खडा दिसतोय का बघतो, मग भाव विचारतो. पण घर घ्यायची वेळ आली की हीच बाई म्हणते, "ह्यांनी बघितलंय ना सगळं!" आणि दाखवतील तिथे सही करते. आयुष्यभराची पुंजी ज्यात घालायची, तो कागद मात्र न वाचलेला.

आमच्या जालना एमआयडीसीच्या आसपास हे मी रोज बघते. सळईचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, त्यात काम करणारी हजारो माणसं. प्रत्येकाला वाटतं, भाड्याच्या खोलीतून निघून आपलं दोन खोल्यांचं घर व्हावं. त्यात समृद्धी महामार्ग आला, ड्रायपोर्टचं काम आलं आणि काल ज्वारी होती तिथे आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले दिसतात. एजंट म्हणतो, "ताई, बाँड तयार आहे, इसार द्या, पुढच्या महिन्यात भाव वाढणार." आपण घाबरतो आणि इसार देऊन बसतो.

इथेच थांबायचं. इसार देण्याआधी वकील गाठायचा, आणि तोही आपला.

कोण कोणाचं काम करतो?

एजंटला त्याचं कमिशन व्यवहार झाला तरच मिळतं. दस्तलेखक आपण सांगू ते लिहून देतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतो, पण विकणारा खरोखरच मालक आहे की नाही याची हमी देणं त्याचं काम नाही. 'रजिस्ट्री झाली म्हणजे सगळं पक्कं' हा समज आधी डोक्यातून काढा. सातबाऱ्याचंही तसंच. ती महसुली नोंद आहे, तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. कर्ज घेतलं तर बँकेचा वकील कागद तपासतो हे खरं, पण तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो. उरला विकणाऱ्याचा वकील. "आमचेच वकील आहेत, तुमचं पण करून देतील, फी वाचेल," असं कुणी म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. दोन्हीकडून एकच माणूस बोलणार असेल तर आपल्या बाजूने कोण बोलणार?

वकील निवडताना बोर्ड किती मोठा आहे ते बघू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे का, दिवाणी आणि महसुली कामं करतात का, हे विचारा. मराठवाड्यातल्या जमिनींचा इतिहास वेगळा आहे. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुने कागद कधी उर्दूत असतात. इनाम जमिनी, कुळाच्या जमिनी, भोगवटादार वर्ग २ च्या जमिनी आहेत आणि त्यांतल्या काही परवानगीशिवाय विकता येत नाहीत. हे माहीत असलेला माणूस हवा. फी आधीच ठरवा, त्यात काय काय येतं ते लिहून घ्या, पावती मागा. आणि मुख्य म्हणजे, आपण बाई म्हणून समोर बसलो असताना जो वकील फक्त नवऱ्याकडे बघून उत्तरं देतो, तो नको.

'बहिणी किती?'

आमचं घर आम्ही एमआयडीसीजवळच्याच वसाहतीत घेतलं. यजमान मिलमध्ये कामाला, मी शिवणकाम करते. घर माझ्या नावावर करायचं ठरलं होतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. २५ लाखांच्या घरावर २५ हजार वाचतात. पण नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सवलत गेली, आणि मोकळ्या प्लॉटला ती नाहीच. घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट आधी होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली.

आमच्या वकीलबाईंनी तीस वर्षांचे फेरफार काढले. विकणारे दोघं भाऊ. वडील वारल्यावर जागा त्यांच्या नावावर लागलेली. वकीलबाईंनी कागदावरून मान वर केली आणि एवढंच विचारलं, "बहिणी किती?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "दोघी आहेत. पण लग्नं होऊन गेल्या की कधीच. त्यांचं काय त्यात?"

त्यांचंच तर होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाच्या मिळकतीत मुलगी वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. वारसनोंदीत बहिणींची नावं नाहीत म्हणून त्यांचा हक्क जात नाही. उद्या त्यांनी दावा लावला तर कोर्टाच्या पायऱ्या आपल्याला चढाव्या लागतात.

वकीलबाईंनी सांगितलं, एक तर दोघींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणा, नाहीतर दोघींनी खरेदीखतावर सह्या करायला या. एजंट वैतागला. "ताई, साध्या गोष्टीचं कशाला वाढवता? त्या काही मागायला येणार नाहीत." थोरली आली आणि गुमान सही करायला तयार झाली. धाकटीने मात्र कागद पूर्ण वाचला आणि भावांना विचारलं, "माझ्या वाट्याचं काय?"

व्यवहार दीड महिना अडला. मला घाई होती, घरमालक खोली सोडा म्हणत होता. पण मीसुद्धा कुणाची तरी बहीण आहे. तिचा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणायला माझी जीभ उचलेना. शेवटी भावांनी दोघींना वाटा दिला, चेकने. तेव्हा दोघींच्या सह्या झाल्या आणि मगच माझी झाली.

हे विसरू नका

वकिलांकडून शोध अहवाल लेखी घ्या. "सगळं क्लिअर आहे," हे तोंडी नको. त्यात मागच्या ३० वर्षांचे व्यवहार, बोजा, कोर्टातले दावे, एन.ए. आदेश आणि मंजूर ले-आउट यांचा उल्लेख हवा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तोही स्वतः काढून बघा. गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांबाबतचे नियम २०२१ पासून अनेकदा बदललेत. तेव्हा शेजारणीचं झालं म्हणजे आपलंही होईल असं धरू नका.

वर्तमानपत्रात बारीक अक्षरात 'जाहीर प्रगटन' येतं ना, ते आपल्या व्यवहारासाठीही द्यायला सांगा. कुणाची हरकत असेल तर पैसे देण्याआधीच कळते.

नोटरी केलेल्या बाँडवर जागा घेऊ नका. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदवावीच लागते. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत देऊ नका, ते कायद्यातही बसत नाही आणि पुरावाही राहत नाही.

आमच्या भिशीतल्या एकीला मसाल्याच्या उद्योगासाठी एमआयडीसीतलं शेड घ्यायचं होतं. विकणारा म्हणाला, "प्लॉट माझा आहे." पण एमआयडीसीचे भूखंड साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. जमीन महामंडळाचीच राहते. हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते, त्याचं शुल्क भरावं लागतं. ते कोण भरणार, हे इसार पावतीतच लिहायला हवं.

रजिस्ट्री झाली की पेढे वाटा, पण फेरफार विसरू नका. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आपलं नाव लागलेला उतारा हातात आला की मगच वकिलांचं काम संपलं.

आणि फीची चिंता असेल तर एक लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे जाऊन विचारायला संकोच कशाला?

तर मैत्रिणींनो, कागद घरी आणा, दुपारी भांडी आवरली की चष्मा लावून वाचा. जे कळणार नाही त्याखाली रेघ मारा आणि वकिलांना विचारा. आणि विकणारा भाऊ असेल तर त्याच्या बहिणींच्या सह्या आहेत ना, हे सगळ्यात आधी बघा. आपल्या नावावर घर होताना दुसऱ्या बाईचा हक्क त्यात बुडायला नको.