यू–५५९

दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) जर्मन नौसेनेची एक पाणबुडी. तिने बुडविलेल्या जहाजांपेक्षा, ती बुडत असताना शत्रूच्या हाती पडलेल्या कागदपत्रांमुळेच ती नाविक इतिहासात उल्लेखनीय ठरली. हँबर्ग येथील ब्लोम उंट फॉस गोदीत बांधलेली ही पाणबुडी फेब्रुवारी १९४१ मध्ये सेवेत दाखल झाली. ‘सात–क’ ह्या प्रकारातील या पाणबुडीची लांबी सु. ६७ मी., पृष्ठभागावरील विस्थापन ७६९ टन व कमाल वेग ताशी सु. १७ सागरी मैल होता. पाण्याखाली मात्र तो निम्म्याहूनही कमी होई. पाणतीर सोडण्यासाठी तिला पुढे चार व मागे एक नळी होती. हान्स हाइटमान हा तिचा अखेरपर्यंतचा कप्तान.

ऑगस्ट १९४१ मध्ये अटलांटिकमध्ये एक व्यापारी जहाज बुडविल्यानंतर, उत्तर आफ्रिकेतील जर्मन सैन्याच्या मदतीसाठी ती जिब्राल्टरमार्गे भूमध्य समुद्रात शिरली. सामुद्रधुनीतील प्रवाह आतल्या दिशेने वाहतो आणि तेथे ब्रिटिशांचा पहारा कडक होता. त्यामुळे आत गेलेल्या सु. ६० जर्मन पाणबुड्यांपैकी एकही परत बाहेर पडू शकली नाही. २७ नोव्हेंबर १९४१ रोजी टोब्रुककडे दारूगोळा नेणाऱ्या जहाजाच्या संरक्षणावर असलेली ‘पॅरामॅटा’ ही ऑस्ट्रेलियन युद्धनौका तिने बुडविली. तीत १३८ जण मरण पावले. २३ डिसेंबरला बुडविलेल्या ‘शुंतिएन’ या जहाजावर जर्मन व इटालियन युद्धकैदी होते. त्यांपैकी शेकडो जण स्वपक्षाच्याच पाणतीराला बळी पडले.

३० ऑक्टोबर १९४२ रोजी नाईलच्या मुखाच्या उत्तरेस ब्रिटिश विमानांना ही पाणबुडी आढळली. ‘पेटार्ड’ व इतर विनाशिकांनी दिवसभर तिचा पाठलाग करून, ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या बाँबांचा (डेप्थ चार्ज) मारा केला. रात्री ती वर आली व खलाशांनी तिच्यात पाणी सोडून तिचा त्याग केला. तेव्हा ‘पेटार्ड’वरील लेफ्टनंट अँटोनी फॅसन व खलाशी कॉलिन ग्रेझियर पोहत तिच्यावर गेले, उपाहारगृहातील टॉमी ब्राउन हा सोळा वर्षांचा मदतनीसही त्यांच्यामागे गेला. आत शिरलेल्या दोघांनी दिलेली कागदपत्रे ब्राउनने वर नेऊन होडीत पोहोचविली. इतक्यात पाणबुडी एकाएकी बुडाली. ब्राउन वाचला, फॅसन व ग्रेझियर तिच्याबरोबर तळाला गेले.

अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांनी १ फेब्रुवारी १९४२ पासून तीनऐवजी चार चक्रांचे एनिग्मा यंत्र वापरण्यास सुरुवात केल्यामुळे ब्रिटिशांना त्यांचे संदेश उलगडेनासे झाले होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मित्रराष्ट्रांची सात लाख टनांहून अधिक जहाजे पाणबुड्यांनी बुडविली. हाती आलेल्या कागदपत्रांत हवामानविषयक लघुसंकेतांची नवी पुस्तिका होती. किनाऱ्यावरील हवामानकेंद्रांकडे तीन चक्रांचीच यंत्रे असल्याने, हवामानवृत्त पाठविताना पाणबुड्या चौथे चक्र निष्क्रिय स्थितीत ठेवीत. ते वृत्त उलगडले, की त्या दिवशीच्या इतर संदेशांसाठी चौथ्या चक्राच्या केवळ २६ स्थिती तपासणे उरे. १३ डिसेंबर १९४२ रोजी ब्लेचली पार्क येथील संशोधकांना यश आले. मार्च १९४३ मध्ये पुस्तिका बदलली गेली, तेव्हाही याच पाणबुडीतून मिळालेली दुसरी संकेतपुस्तिका उपयोगी पडली. अटलांटिकच्या लढाईतील यशास दीर्घ पल्ल्याची विमाने, रडार आणि वाढते संरक्षक ताफे ही कारणेही तितकीच महत्त्वाची होती. एकट्या या घटनेने युद्ध किती महिन्यांनी लवकर संपले, याची गणिते अंदाजाचीच मानावी लागतात.

जर्मनांना या प्रकाराची कल्पना आली नाही. १९४३ साली बंदिवासात असलेल्या हाइटमानला त्यांनी ‘नाइट्स क्रॉस’ दिला. ब्रिटिशांनी फॅसन व ग्रेझियर यांना मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ व ब्राउनला ‘जॉर्ज मेडल’ देऊन गौरविले. पण गुप्ततेमुळे मिळविलेल्या कागदपत्रांचे महत्त्व तीन दशके जाहीर झाले नाही. ब्राउन १९४५ मध्ये घराला लागलेल्या आगीतून बहिणीला वाचविण्याच्या प्रयत्नात मरण पावला.